ताण आणि पाणी

चौथ्या मिनिटाला मी खाली बसले. कुणाचा धक्का लागला नव्हता, पाय मुरगळला नव्हता. संबळ वाजत होता, बाकीच्या नऊ जणी फेर धरून पुढं सरकल्या आणि मी सभागृहाच्या थंडगार फरशीवर तोंड उघडं टाकून बसून राहिले. डोळ्यांपुढं काजवे, कानात शिट्टी. छातीत एवढी धडधड की संबळाचा ठेका कुठला आणि माझा कुठला, तेच कळेना.

२०१२ सालची गोष्ट. बी.ए.चं दुसरं वर्ष, वय एकोणीस. अंबड तालुक्यातल्या गावातून जालन्याला रोज अपडाऊन. पहाटे उठून पाणी भरायचं, सातची एसटी धरायची, अंबड चौफुलीला उतरून कॉलेज गाठायचं. भाकरी डब्यात असायची, पोटात नसायची. कपभर चहावर माझी गाडी दुपारपर्यंत ओढायची. विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी लोकनृत्याचा संघ निवडायचा होता आणि गोंधळ बसवायचं ठरलं होतं. मंचावर जास्तीत जास्त दहा जणी, वेळ दहा मिनिटं.

मी नाचते बरी, असं गावात सगळेच म्हणायचे. लग्नाच्या वरातीत, गणपतीपुढं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझा नंबर ठरलेला. पण गॅदरिंगचं गाणं साडेतीन-चार मिनिटांत आटोपतं. टाळ्या पडतात, पोरं शिट्ट्या मारतात, आपण घामेजून पडद्यामागं पळतो. आयुष्यभराचं माझं सगळं नाचणं चार मिनिटांचं होतं, हे मला त्या फरशीवर बसल्यावर कळलं.

साथीला संबळावर बसायचे ते जालन्याजवळच्या एका गावातले गोंधळी. साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळे, गळ्यात कवड्यांची माळ. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "कामून आदळायलीस पाय एवढे? जमिनीनं काय घोडं मारलं तुझं?"

सगळ्या हसल्या. मला रडू आलं, पण रडायलाही दम पुरेना.

गोंधळ म्हणजे मुळात रात्रीचं काम. लग्न झालं, मूल झालं, नवस फिटला, की घरी गोंधळ घालायचा. चौक भरायचा, घट मांडायचा, गण म्हणायचा, मग एकेका देवीला हाका मारून बोलवायचं, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, आणि आमच्याकडं अंबडची मत्स्योदरी. त्यानंतर आख्यान. दिवटी घेऊन आरती होईपर्यंत झुंजुमुंजू व्हायला लागतं. परभणीचे नामांकित गोंधळी राजारामबापू कदम यांचं नाव निघालं की मामा आधी कानाच्या पाळीला हात लावायचे, मग बोलायचे. स्वतः मामा तरुणपणी एका हंगामात लागोपाठ कितीतरी रात्री उभे राहिलेले. "आमचा गोंधळ रातभराचा, तुमचा धा मिनिटाचा," ते म्हणाले, "अन् दम तुम्हालाच लागायला."

हा टोमणा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नाचू दिलंच नाही, शेजारी बसवून घेतलं आणि स्वतः उठून दाखवलं. गोंधळी रात्रभर कसा टिकतो, तर तो रात्रभर नाचत नाहीच. गाणं चालू असताना पाय जागच्या जागी हलतात, फक्त चाळ बोलतात. कडव्याचा शेवट आला की झीलकरी झील धरतो आणि मुख्य गोंधळी श्वास घेतो. मग दोघांचे सवाल-जवाब, थट्टा, लोक हसतात, तेवढ्यात पाणी पिऊन होतं. गिरकी येते ती नेमक्या ठिकाणी, आणि लोकांना वाटतं हा मघापासून फिरतोच आहे. "पाय मारायचा नाही, ठेवायचा," मामा सांगायचे. "चाळाचा आवाज घोट्यातून येतो, टाचेतून नाही."

आमच्या दहा मिनिटांत असा एकही थांबा नव्हता. नृत्य बसवायला बाहेरून आणलेल्या दिग्दर्शकानं पहिल्या ठेक्यापासून शेवटच्यापर्यंत उड्या भरल्या होत्या. परीक्षकांना जोश दिसला पाहिजे, हे त्यांचं पालुपद. आम्ही दमलो की ते म्हणायचे, मनात असेल तर शरीर साथ देतं. मी हे वाक्य वहीच्या मागच्या पानावर लिहूनसुद्धा ठेवलं होतं. आता वाटतं, माणसाच्या अंगाविषयी इतकं बेजबाबदार वाक्य दुसरं नसेल.

आमच्यातली सगळ्यात चांगली नाचणारी मंठा तालुक्यातल्या एका तांड्यावरची होती. तिच्या अंगात लय जन्माचीच. तिसऱ्या आठवड्यात तिची नडगी दुखायला लागली. आधी तालमीनंतर, मग तालमीत, मग जिना चढताना. दिग्दर्शक म्हणाले, दुखतंय म्हणजे मेहनत लागतेय. तिनं हळद-तेल लावलं, क्रेप बँडेज गुंडाळलं, दात आवळून धरले. शेवटी बोटानं एका जागी दाबलं तरी ती कळवळायला लागली, तेव्हा कुठं डॉक्टरकडं नेलं. फरशीवर रोज दोन-दोन तास आदळून हाडाला बारीक चीर पडली होती. असली चीर सुरुवातीला अनेकदा एक्स-रेतही दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा तिला "काही नाही" म्हणून परतही पाठवलं होतं. सहा आठवडे नाच बंद. ती तालमीला येत राहिली, कोपऱ्यात बसून आमचे ठेके मोजत राहिली. तिच्या जिद्दीत काहीच कमी नव्हतं. फरशी कडक होती, एवढंच.

त्यानंतर खेळाच्या सरांनी मधे पडून आमची तालीम खो-खोच्या मैदानावर, मातीत नेली. सर मूळचे खो-खोचेच. नाचातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, हे ते स्वतःच सांगायचे, पण दम कशानं येतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी माझं मनगट धरून घड्याळ लावलं. पंधरा सेकंदांत अठ्ठेचाळीस ठोके. म्हणजे मिनिटाला १९२. "तू नाचत नाहीस, जीव घेऊन पळतेस," ते म्हणाले. दहा मिनिटांचा नाच रोज दहा मिनिटं करून दम वाढत नसतो, कारण तालमीत आपण सारखे थांबतो, हात चुकला म्हणून, रांग वाकडी झाली म्हणून. मंचावर कुणी थांबवत नाही. म्हणून त्यांनी नाचाला हातच लावला नाही. आठवड्यातून दोनदा जालन्याच्या मोतीबागेत एक मिनिट जोरात पळायचं, एक मिनिट चालायचं, असं दहा वेळा. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं. शनिवारी अख्खा गोंधळ सलग दोनदा. आणि प्रत्येक वेळी नाडी मोजून वहीत लिहायची. सुरुवातीला माझे ठोके १२०च्या खाली यायला पाच मिनिटं लागायची. शेवटी शेवटी दोन.

पण मधे एक अडलं होतं. बाकीच्या पोरींची वही सुधारत होती, माझी जागच्या जागी. कॉलेजात तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा कारण सापडलं. हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाचं बाराच्या खाली गेलं की पंडुरोग म्हणतात. माझं तर बरंच खाली होतं. पाळीही तीन महिने आली नव्हती. ती गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, उलट तालमीच्या दिवसांत कटकट नाही म्हणून मनातून बरंच वाटत होतं. तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, सकाळी काय खातेस? मी म्हटलं, चहा. त्यांनी समजावून सांगितलं की खर्च वाढला आणि आवक तेवढीच राहिली की शरीर एकेक खातं बंद करत जातं, आणि पाळीचं खातं आधी बंद होतं. पुढं २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी खेळाडूंच्या या अवस्थेवर निवेदन काढलं, ते मी शिक्षिका झाल्यावर वाचलं. अंबड तालुक्यातल्या एका पोरीला ते दोन वर्षं आधीच, साध्या मराठीत, बाकावर बसून ऐकायला मिळालं होतं.

लोहाच्या गोळ्या मिळाल्या. आठवड्यानं सिस्टरनं विचारलं, गोळी कशासोबत घेतेस? चहासोबत, दुसरं काय. त्या म्हणाल्या, "मग गोळी तुला नाही, चहाला लागते. लिंबू-मोसंबीबरोबर घे."

मी हसले. त्यांना वाटलं मी थट्टेवारी नेतेय. आमच्या घरी मोसंबीची अडीच एकर बाग होती, पावणेतीनशे झाडं. विकायची म्हणून आम्ही फळाला हात लावत नव्हतो.

आता त्या बागेचं सांगायला हवं. माझ्या नाचाचं खरं शिक्षण तिथंच झालं, असं मला उशिरा कळलं.

मोसंबीला बहार यावा म्हणून झाडाला ताण देतात. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडायचं. झाड मलूल होतं, पानं कोमेजतात, पिवळी पडतात, काही गळतात. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस झाडं मारायला निघालाय. मग मृगाचा पाऊस येतो, किंवा विहिरीचं पाणी सोडतात, आणि त्याच झाडाला पांढरी फुलं लगडतात. सारखं पाणी पिणारं झाड नुसता पाला वाढवतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या वर्षी एप्रिलमध्ये बाग ताणावर सोडली. मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरडी गेली. विहिरीनं तळ दाखवला. त्या वर्षी अधिक भाद्रपद होता. धोंड्याच्या महिन्यात जावयांना बोलवायचं सोडून गावातली माणसं टँकरच्या रांगेत. म्हातारी माणसं म्हणायची, बहात्तर साली पाणी होतं, धान्य नव्हतं. आता धान्य आहे, पाणी नाही. जालना शहरात नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी यायचं नाही. तिथं खोली करून राहणाऱ्या माझ्या मैत्रिणी वीस लिटरचा जार चौघींत पुरवायच्या आणि घामेजलेले कपडे न धुता वाळवून पुन्हा घालायच्या.

अशा दिवसांत मी संध्याकाळच्या गाडीनं उशिरा घरी यायची. गावात एक बोलणं फिरत होतं, बाग वाळायली अन् पोरगी नाचायली. माझ्या कानावर आलं, तसं मायच्याही आलं असणार. माय काही बोलली नाही, पण दोन दिवस माझ्या ताटात भाकरी जरा जोरात पडली. मी दादांना म्हटलं, नाव काढून घेते महोत्सवातून. ते बांधावर बसले होते. मी गोळ्यांचं, रक्ताचं, पळायचं सगळं सांगितलं होतं. ते बराच वेळ झाडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ताण देणं काय, कुणालाबी येतं. पाणी हाताशी असलं तरच द्यावा माणसानं. म्या चुकलो." आणि उठून त्यांनी आंबे बहाराची उरलेली, लिंबाएवढी राहिलेली सात-आठ फळं तोडून माझ्या पिशवीत टाकली. बाजारात त्यांना कुणी विचारलं नसतं. रोज एक, गोळीबरोबर. आंबटढाण. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.३ झालं.

"म्या चुकलो" हे ते बागेविषयी म्हणाले की माझ्याविषयी, मी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी कॉलेजात निरोपाचा छोटा कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी भाषणात तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट सांगितली, सगळीकडं सांगितली जाते तीच. दिवस भरलेले असताना विठाबाई फडावर नाचत होत्या, कळा आल्या, त्या मागं जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर येऊन उभ्या राहिल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्याही अंगावर काटा आला. परततानाच्या एसटीत मात्र डोक्यात दुसरंच सुरू झालं. त्या बाईला त्या रात्री न नाचण्याची मुभा कुणी दिली होती का? तिकिटं विकलेली, फडातली सगळी पोटं तिच्या पायांवर. विठाबाई १९३५ साली जन्मल्या, २००२ साली गेल्या. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले. त्यांच्या कलेपुढं मी आडवी पडायला तयार आहे. पण ही गोष्ट पोरींना स्फूर्ती यावी म्हणून सांगतात तेव्हा मला राग येतो. आपल्याकडं जिद्दीची गोष्ट बहुतेक वेळा अशा ठिकाणी सांगतात, जिथं कुणीतरी पाण्याची सोय करायला विसरलेलं असतं.

महोत्सवाचं थोडक्यात सांगते. विद्यापीठ औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात. मामांनी हट्टानं नृत्यात दोन थांबे घालायला लावले होते. दिग्दर्शकांशी त्यांचं वाजलंही, पण संबळच त्यांच्या हातात असल्यामुळं ते जिंकले. पहिल्या थांब्याला पाच जणी झील धरतात, पाच जणींचे नुसते चाळ वाजतात, दुसऱ्याला उलट. चौथं मिनिट आलं ते मला कळलं, कारण मी त्याचीच वाट बघत होते. ते गेलं. सहाव्याला दम लागला, सातव्याला पाय आपोआप चालायला लागले, आणि नवव्या मिनिटाला, दिवट्या वर धरून गिरकी घेताना, तालमी लागल्यापासून पहिल्यांदा मला नाचायला मजा आली. तोवर नुसतं निभावणं होतं. आमचा नंबर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आम्हाला विद्यापीठामागच्या डोंगरातली लेणी बघायला घेऊन गेले. सातव्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नाचणारी बाई कोरलेली आहे, इसवी सनाच्या सहाव्या शतकातली मानतात. आम्ही सगळ्या तिच्या पायांकडंच बघत होतो, आता सवयच लागली होती. गुडघे किंचित सैल, अंगाचा भार एका पायावर, दुसरा मोकळा. "बघ, आदळत नाही," कुणीतरी म्हणालं. मला त्यापेक्षा तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका आवडल्या. वाद्यं घेऊन बसलेल्या. त्या आहेत म्हणून ती एका पायावर उभी राहू शकते.

२०१३च्या उन्हाळ्यात दादांनी टँकर विकत घेऊन काही झाडं जगवायचा प्रयत्न केला. त्या वर्षी अंबड-जालना पट्ट्यात माणसांनी बागाच्या बागा कुऱ्हाडीनं तोडून जळणाला विकल्या. आमच्या पावणेतीनशेपैकी चाळीस राहिली. पुढं जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा दादांनी पेपर वाचून घडी घातली आणि ठेवून दिला.

मी आता घनसावंगी तालुक्यात शाळेवर आहे. डिसेंबर लागला की गॅदरिंगची जबाबदारी माझ्यावर येते, कारण "मॅडमला नाचातलं कळतं". मुली कधी कधी विचारतात, मॅडम, तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली? त्यांना काहीतरी भारदस्त ऐकायचं असतं. खरं उत्तर असं आहे की खेळाचे सर तालमीनंतर दोन केळी आणि मूठभर गूळ-शेंगदाणे द्यायचे, आणि मला भूक लागलेली असायची. दुसरं, तांड्यावरची ती पोरगी पाय जायबंदी असून कोपऱ्यात बसून ठेके मोजायची. ती येते म्हणजे मला न येऊन चालणार नव्हतं. तिसरं, मैदानावरच्या त्या दोन तासांत बागेचा विचार डोक्यात येत नसे. कलेवरचं प्रेम वगैरे असेलच, पण ते पहाटे साडेपाचला उठत नाही. भूक उठते, मैत्रीण उठवते.

आणि तरी कष्ट नकोत असं मी म्हणत नाही. ताण न देता वाढवलेल्या बागेत नुसता पाला असतो, हे मी पाहिलंय. माझ्या वर्गातल्या मुलींना मी पळवते, घाम काढते, रडवतेसुद्धा. पण २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी चोपन्न टक्क्यांना रक्त कमी निघालं. म्हणजे तालमीला दहा मुली उभ्या केल्या, तर त्यातल्या पाच जणी चौथ्या मिनिटाला बसणाऱ्या असू शकतात, आणि त्यात त्यांच्या मनाचा काही दोष नसतो.

या हिवाळ्यात ज्यांच्या शाळेत, कॉलेजात तालमी लागतील, त्यांना एवढीच विनंती आहे. मुलींना फरशीवरून उठवून मातीत न्या. पिण्याच्या पाण्याचा माठ भरून जवळ ठेवा. आणि गाणं लावायच्या आधी एकेकीला विचारा, सकाळी काय खाल्लंस. "चहा" असं उत्तर आलं, तर त्या दिवशी गाणं उशिरा लावा.